किडेपोला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीच्या निमित्ताने कंपालात काही वर्षं काढली. त्या काळात युगांडाच्या ईशान्य टोकावरच्या किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यानात तीनदा जाणं झालं. दोनदा फेब्रुवारीत आणि एकदा, नको तेव्हा, ऑगस्टमध्ये. तेव्हापासून ओळखीचे आणि त्यांच्याही ओळखीचे विचारत असतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. रकमा अंदाज यावा म्हणून दिल्या आहेत. पैसे भरण्याआधी ताजे दर बघून घ्या.

१. किडेपो नेमकं आहे कुठे? सगळे ते 'फार आत' आहे असं का म्हणतात?

युगांडाचा नकाशा समोर धरा आणि उजवीकडचा वरचा कोपरा बघा. तिथे उद्यानाची हद्द दक्षिण सुदानला टेकते, आणि केनियाही फार लांब नाही. भाग कारामोजा नावाचा, गुराख्यांचा, कोरडा. क्षेत्रफळ १,४४२ चौरस किलोमीटर. १९५८ मध्ये राखीव क्षेत्र झालं आणि १९६२ मध्ये, म्हणजे युगांडा स्वतंत्र झाला त्याच वर्षी, राष्ट्रीय उद्यान.

आत दोन खोरी आहेत. दक्षिणेला नारुस, जिथे वर्षभर कुठे ना कुठे पाणी सापडतं. उत्तरेला किडेपो, जिथली नदी वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असते. 'अकिदेप' म्हणजे तिथल्या बोलीत वेचणं. लोक इथे ताडाची पडलेली फळं वेचायला येत, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. हा ताड आपल्या ताडगोळ्याच्या ताडाचा आफ्रिकी भाऊ. फळांचं पुढे काय करत, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

२. मसाई मारा, सेरेंगेटी सोडून इथे का यावं?

पहिल्यांदाच आफ्रिकेत जाणार असाल आणि आयुष्यात एकच सफारी होणार असेल, तर मारालाच जा. हे मी प्रत्येकाला आधी सांगतो. नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे लोंढे, दिवसातून तीनदा सिंह, हे सगळं तिकडे.

किडेपोत मिळते ती मोकळी जागा. एका सिंहाभोवती वीस गाड्या हे दृश्य इथे मी एकदाही पाहिलं नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी सहा वाजता निघून दहाला परतलो, तोवर दुसऱ्या गाडीची धूळसुद्धा दिसली नव्हती. नारुसच्या काठावर उभं राहिलं की चारी बाजूंना डोंगर, आणि उत्तरेला पार दक्षिण सुदानातला लोतुकेई. मधे पिवळं गवत आणि त्यात काळ्या ठिपक्यांसारख्या रानम्हशी. ज्यांना ताडोब्याच्या गेटवरची पहाटेची रांग नकोशी झाली आहे, त्यांच्यासाठी ही जागा आहे.

३. किती दिवस ठेवावेत? दोन रात्रींत होईल का?

नाही. रस्त्याने जाणार असाल तर उद्यानात किमान तीन रात्री. त्याशिवाय जाण्यायेण्याचे तीन-चार दिवस वेगळे. दोन रात्री म्हणजे एक सकाळ, एक संध्याकाळ आणि बाकी वेळ पाठीला बाम. शिवाय किडेपो खोऱ्यात जाऊन यायला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो, आणि तोच दिवस घाईत गळतो. तीन रात्री जमत नसतील तर हा बेत पुढच्या वर्षावर टाका आणि मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात जा. तेही सुंदर आहे आणि कंपालाहून निम्म्या वेळात पोचता येतं.

४. कुठला महिना चांगला?

जानेवारी ते मार्च. कारामोजात पावसाळा एकच आणि लांबलचक, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. डिसेंबरपासून पाणी आटत जातं आणि जनावरं नारुसकडे सरकतात. फेब्रुवारीत रानम्हशींचे कळप हजाराच्या घरात दिसू शकतात. दुपारी ऊन विदर्भातल्या एप्रिलची आठवण करून देतं, पण हवा कोरडी असल्याने घामाची चिकचिक नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत मुद्दाम जाळलेलं दिसेल. वणवा लागला म्हणून घाबरू नका, उद्यानाचे कर्मचारीच ते टप्प्याटप्प्याने जाळतात. पावसाळ्यातल्या स्वस्त दरांबद्दल प्रश्न २० पाहा.

५. मुंबईहून थेट विमान आहे का?

आहे. युगांडा एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये एंटेबे-मुंबई थेट सेवा सुरू केली. प्रवास साधारण सहा तासांचा. ते जमलं नाही तर नैरोबी, अदिस अबाबा, दुबई किंवा दोहामार्गे जाता येतं. एंटेबेचा विमानतळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे आणि तिथून कंपाला तासाभरावर, वाहतूक अंगावर आली तर दोन तास. घड्याळ अडीच तास मागे करा.

६. कंपालाहून पुढे रस्त्याने जावं की छोट्या विमानाने?

पैसे असतील आणि पाठ दुखत असेल तर विमान. वेळ असेल तर रस्ता. मी तिन्ही वेळा रस्त्याने गेलो आणि पुन्हा गेलो तरी तसाच जाईन.

नेहमीचा मार्ग कंपाला, करुमा, गुलू, किटगुम. साधारण साडेपाचशे किलोमीटर, आणि नुसत्या गाडीतल्या वेळाचे दहा ते बारा तास. एका दमात करू नका, गुलू किंवा किटगुमला मुक्काम करा. वाटेत झिवा इथे गेंड्यांचं अभयारण्य लागतं (प्रश्न १२), आणि करुमाला नाईल ओलांडताना रस्त्याकडेला बबून बसलेले असतात. केळ्याचा घड मांडीवर असेल तर काचा वर घ्या.

डांबर संपलं की लाल मातीचा रस्ता सुरू होतो. ड्रायव्हर म्हणाला, "नाउ मरम." मी विचारलं, मरम म्हणजे? त्याने चाकाखालच्या मातीकडे बोट दाखवलं. आपला मुरूमच तो! शब्दही इंग्रजांबरोबर इकडूनच तिकडे गेला. किटगुमपासून पुढचे तीन-साडेतीन तास या मुरुमावर जातात. डिझेल, एटीएम, औषधं जे काही घ्यायचं ते किटगुमलाच घ्या.

दुसरा मार्ग पूर्वेकडून म्बाले, मोरोतो, कोतिदो असा आहे. तो लांब पडतो आणि दोन दिवस घेतो, पण कारामोजाचं माळरान खरं तिथेच दिसतं.

विमानं एंटेबेहून निघून उद्यानाच्या मधोमध असलेल्या आपोकाच्या धावपट्टीवर उतरतात. सामान १५ किलोच्या आसपास चालतं आणि बॅग मऊ लागते. चाकांची कडक सूटकेस छोट्या विमानाच्या पोटात बसत नाही.

आणखी एक. वाटेत लघवीला थांबायचं असेल तर ड्रायव्हरला 'शॉर्ट कॉल' म्हणा. 'वॉशरूम' म्हणालात तर तो पुढचं हॉटेल शोधत चाळीस किलोमीटर नेईल.

७. व्हिसा कसा काढायचा?

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. युगांडा इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, एकदा प्रवेशाचे ५० डॉलर. केनिया किंवा रवांडा जोडणार असाल तर १०० डॉलरचा ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा घ्या. तो तिन्ही देशांत ९० दिवस चालतो. अर्जाला पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जोडावा लागतो. म्हणून लस आधी, व्हिसा नंतर.

८. पिवळ्या तापाची लस खरंच सक्तीची आहे, की 'तिकडे कोणी बघत नाही'?

तिकडे बघतात, आणि इकडे त्याहून जास्त बघतात. पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे. त्यामुळे युगांडासारख्या देशातून येणाऱ्याकडे वैध दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, मुंबईत उदाहरणार्थ सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयात. वेळ आधी ठरवावी लागते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणारे इथेच अडकतात. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो. म्हणजे जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.

नऊ महिन्यांखालच्या बाळांना ही लस देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, कमी प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. परतीच्या वाटेवर थांबण्याचा पेच प्रश्न २१ मध्ये आहे.

९. मलेरियाच्या गोळ्या घ्याव्यातच का? आपल्याकडेही डास आहेतच की.

घ्या. तिथला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे घातक. कुठली गोळी हे डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर उन्हात त्वचा चटकन भाजते, एवढं ध्यानात ठेवा. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'युगांडाहून आलोय' हे पहिल्या वाक्यात सांगा.

दुसरी पीडा त्सेत्से माशी. झाडीच्या पट्ट्यात ती गाडीच्या मागे लागते आणि कापडातूनही चावते, घोडमाशीसारखी. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ती ओढली जाते. जीन्स घालून बसलेल्या माझ्या मित्राला जेवढे चावे बसले, तेवढे आम्हा उरलेल्या तिघांना मिळून बसले नसतील.

१०. एकूण खर्च किती?

उद्यानाचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला २४ तासांचे ४० डॉलरच्या आसपास. ते कार्डाने किंवा मोबाइल मनीने भरायची तयारी ठेवा, रोख रकमेवर विसंबू नका. ड्रायव्हरसह लँड क्रूझर दिवसाला साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर, डिझेल बहुधा वेगळं. ते महाग पडतं, कारण अंतर मोठं. चौघं मिळून गेलात तर हिशेब जमतो. दोघांनाच एक गाडी अंगावर येते.

डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या आणि न दुमडलेल्या न्या. जुन्या छपाईच्या किंवा छोट्या रकमेच्या नोटांना दर कमी देतात, कधी घेतच नाहीत.

११. राहायचं कुठे?

उद्यानाच्या मधोमध आपोका नावाची जागा आहे. तिथे वन्यजीव प्राधिकरणाच्या साध्या गोल झोपड्या आहेत, बांडा म्हणतात. पलंग, मच्छरदाणी, बादलीभर पाणी. जवळच त्याच नावाचं महागडं लॉजही आहे. हद्दीबाहेर, करेंगाच्या बाजूला, मधल्या दराचे कॅम्प आहेत.

माझी शिफारस बांडाची. रात्री झेब्रे आणि रानम्हशी झोपड्यांच्या मधून चरत फिरतात. गवत तोडल्याचा कराकरा आवाज उशाशी येतो. अंधारात बाहेर पडायचं असेल तर आधी दारातून बॅटरी फिरवा, आणि डोळे चमकले तर सकाळपर्यंत कळ काढा. वीज सौर किंवा जनरेटरची असते, ठरावीक वेळच.

१२. कोणते प्राणी दिसतात? वाघ, गेंडा?

वाघ आफ्रिकेत कुठेच नाही. हा प्रश्न येतो म्हणून लिहिलं, हसू नका.

गेंडा किडेपोत बघायला मिळेल अशा भरवशावर निघू नका. युगांडातले रानटी गेंडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिकारीने संपले. ते परत आणण्याचं काम झिवा इथे सुरू झालं, आणि ते तुमच्या वाटेवरच आहे. तिथे रेंजरबरोबर चालत जाऊन पांढरा गेंडा बघता येतो.

किडेपोत हत्ती, रानम्हशी, झेब्रे, वॉटरबक, हार्टबीस्ट नक्की म्हणावे इतके. सिंह बहुधा दिसतात. इथले सिंह सकाळी खडकांच्या टेकाडांवर चढून ऊन खात बसतात, त्यामुळे गवतात नव्हे, वर बघायची सवय लावा. बिबट्या नशिबाचा. चित्ता आणि शहामृग ही किडेपोची खासियत. युगांडाच्या इतर उद्यानांत न दिसणारे बरेच प्राणी इथे आहेत, कारण हा भाग हवामानाने केनियाच्या कोरड्या उत्तरेला जवळचा. जिराफ एके काळी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. २०१८ मध्ये मर्चिसन फॉल्सहून आणखी जिराफ आणून इथे सोडले.

पक्ष्यांच्या पावणेपाचशेच्या आसपास जाती. सेक्रेटरी बर्ड, कोरी बस्टर्ड, जमिनीवर चालणारा अबिसिनियन धनेश. आमच्या गाडीतल्या पक्षीवेड्या ब्रिटिश बाईंनी एकदा जिवाच्या आकांताने गाडी थांबवायला लावली. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. ताडावर आपला लाल कंठीवाला पोपट बसला होता! युगांडात तो याच कोपऱ्यात दिसतो म्हणून त्यांना अप्रूप. माझ्या पुण्याच्या गॅलरीत तो रोज पेरू खातो हे मी सांगितलं नाही.

१३. ताडोब्याच्या सफारीपेक्षा दिवस वेगळा कसा असतो?

सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या फेऱ्या नाहीत. दिवसभर आत राहता येतं, आणि गाडी तीच, जी तुम्ही कंपालाहून आणली. सोबत रेंजर घ्या, तो वेगळं शुल्क घेतो पण त्याच्याशिवाय वाटा कळत नाहीत. छप्पर वर उचलणारी गाडी मागा, उभं राहून बघता येतं.

नारुससाठी पहाट आणि संध्याकाळ. किडेपो खोऱ्यासाठी डबा घेऊन एक अख्खा दिवस. तिथे कोरड्या नदीत उतरून वाळूत चालता येतं. दोन्ही काठांना ताडांची रांग, पायाखाली पांढरी रेती, पाण्याचा थेंब नाही. रेंजरने हत्तींनी सोंडेने उकरलेला खड्डा दाखवला. तळाशी हात घातला तर वाळू ओली लागली. त्यापुढे कनांगोरोकचे गरम झरे आणि मग सीमा.

झाडं ओळखीची निघतात हे मला सगळ्यात आवडलं. हिंगणबेट आहे, चिंच आहे. आपण जिला अस्सल देशी समजतो त्या चिंचेचं मूळ घर आफ्रिकाच.

१४. पायी फिरता येतं का?

येतं, बंदूकधारी रेंजरबरोबर, नारुसच्या भागात, पहाटे. एका रांगेत चालायचं आणि तो थांबला की थांबायचं. रानम्हैस दिसली तर फोटोपेक्षा झाड शोधा. एकटा राहणारा म्हातारा नर सगळ्यात वाईट.

१५. मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

अजिबात नाही. उलट हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. युगांडात चपाती हा राष्ट्रीय पदार्थ म्हणावा इतका रुळलाय. रेल्वे बांधायला आलेल्या आणि मागून व्यापाराला आलेल्या भारतीयांबरोबर ती तिकडे गेली. इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना हाकललं, पण चपाती राहिली. चपातीत अंड्याचं ऑम्लेट गुंडाळलं की 'रोलेक्स'. चपातीचे तुकडे आणि राजम्यासारख्या घेवड्याची उसळ म्हणजे 'किकोमांडो'. हे रस्त्याकडेला कुठेही मिळतं. रोलेक्सची चपाती जाड आणि तेलकट असते. आईच्या पोळीशी तुलना करू नका.

याशिवाय मातोके म्हणजे वाफवलेली कच्ची केळी, पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि त्यावर शेंगदाण्याची दाट आमटी. ती आमटी चाखून आमच्यातल्या एकाने विचारलं की आज एकादशी आहे का. गुलू-किटगुमला थांबाल तेव्हा 'मलाक्वांग' मागा. अंबाडीच्या कुळातली आंबट पालेभाजी, तीळ-शेंगदाण्याच्या वाटणात शिजवलेली. तिथे तूरही पिकते, तिला 'लापेना' म्हणतात.

उद्यानात मात्र पर्याय मोजके, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर कोंबडी चालते असा समज आढळतो, तेव्हा 'नो मीट, नो चिकन, नो फिश' असं तिन्ही म्हणा. जैन जेवण लागत असेल तर खाकरे, दशम्या, मेतकूट घरूनच न्या.

१६. तो भाग धोकादायक आहे असं वाचलं. खरं काय?

तीन गोष्टींची सरमिसळ होते, त्या वेगळ्या करून सांगतो.

एक, गुलू-किटगुमकडचं लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचं बंड. ते भयंकर होतं, पण युगांडापुरतं २००६ च्या सुमारास थांबलं.

दोन, कारामोजातली गुरांची पळवापळवी. हिचा इतिहास जुना, पण बंदुका आल्यावर ती रक्तरंजित झाली. सरकारने शस्त्रं काढून घेतली, बरीच वर्षं शांतता होती, २०१९ नंतर घटना पुन्हा वाढल्या. भांडण गुरांचं असतं, पर्यटक लक्ष्य नसतात. पण अंधारात रस्त्यावर असू नये. माझा नियम असा की संध्याकाळी सहाला जिथे असू तिथे मुक्काम.

तीन, ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन परदेशी पर्यटक आणि त्यांचा युगांडन वाटाड्या मारले गेले. ते क्वीन एलिझाबेथ उद्यानात, देशाच्या अगदी विरुद्ध बाजूला, कॉंगोच्या सीमेजवळ.

निघण्याच्या आठवड्यात उद्यानाच्या कार्यालयात फोन करून रस्त्याची स्थिती विचारा. कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर फोनमध्ये ठेवा. उत्तरेच्या सीमेकडे रेंजर 'इथून पुढे नको' म्हणाला तर वाद घालू नका.

१७. कपडे कुठले न्यावेत?

खाकी, मातकट, फिकट हिरवे. निळे-काळे नको (प्रश्न ९). पहाटेसाठी जाकीट हवं, उघड्या छपरातून वारा बोचतो.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात मनावर लिहा. लष्करी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे नेऊ नका. ताडोबा-पेंचला तसे शर्ट, टोप्या सर्रास दिसतात. युगांडात ते फक्त सैन्याचे, आणि सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे. बॅकपॅकसुद्धा त्या कापडाची नको.

१८. ड्रोन, चार्जिंग, नेटवर्क यांचं काय?

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय आणलेला विमानतळावरच जप्त होऊ शकतो. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. आपला गोल पिनांचा बसत नाही. गाडीत चार्ज करायची वायर असू द्या. सिम पासपोर्ट दाखवून मिळतं. तिथेही एअरटेल आहे आणि ती आपल्याच एअरटेलच्या घरातली, पण म्हणून तुमचं भारतातलं सिम तिथे स्थानिक होत नाही. रोमिंगचं बिल येतंच. आपोकाबाहेर नेटवर्क येतं-जातं.

१९. कारामोजोंग आणि इक लोकांच्या वस्तीत जाता येतं का?

जाता येतं, आणि जाण्याआधी थोडं माहीत असावं. उद्यानाबाहेर काटेरी कुंपणाच्या वस्त्या आहेत, त्यांना मन्याट्टा म्हणतात. दार इतकं बुटकं की रांगत आत जावं लागतं. गुरं पळवायला आलेल्याची मान आधी आत यावी म्हणून. 'एजोका' म्हटलं की कसे आहात, 'अलाकारा' म्हणजे आभार. पैसे वस्तीच्या सामाईक खात्यात द्या, मुलांच्या हातावर नाणी ठेवू नका. फोटो विचारून काढा. लग्नात शिरलेल्या अनोळखी कॅमेरावाल्याबद्दल आपल्याला जे वाटेल, तेच त्यांना वाटतं.

इक लोक मोरुंगोले डोंगरावर राहतात. उंची २,७५० मीटर, चढ दमवणारा, जाऊन यायला पूर्ण दिवस. त्यांची संख्या काही हजारच, आणि भाषा शेजाऱ्यांपेक्षा अगदी वेगळी. किडेपोचं खोरं एके काळी त्यांचं शिकारीचं रान होतं. उद्यान झालं तसं ते त्यांना बंद झालं आणि पाठोपाठ दुष्काळ आले. त्या उपासमारीच्या दिवसांत त्यांच्यावर एका परदेशी अभ्यासकाने 'निर्दय माणसं' असा शिक्का मारला. पुढच्या संशोधकांनी तो खोडून काढला, तरी काही वाटाडे अजून तेच ऐकवतात. 'आत प्राणी, बाहेर माणूस' ही व्यवस्था मेळघाटातल्या कोरकूंना नवी वाटणार नाही.

२०. ऑगस्टमध्ये अर्ध्या दरात बुकिंग मिळतंय. घेऊ का?

पक्षी बघायला, हिरवाई बघायला, नक्की घ्या. प्राण्यांसाठी जात असाल तर नको. गवत पुरुषभर वाढतं आणि जनावरं पांगतात. किडेपो खोऱ्यातल्या वाटा आणि ओढे कधीही बंद होतात. एक-दोन दिवस जादा ठेवा आणि परतीचं आंतरराष्ट्रीय विमान दुसऱ्याच दिवशीचं नको. नारुसची माती कशी असते ते प्रश्न २४ मध्ये.

२१. परतताना चार दिवस दुबईत थांबणार आहे. तरी भारतात पिवळ्या तापाचा दाखला मागतील?

मागतील. भारताचा हिशेब युगांडा सोडल्यापासून सहा दिवसांचा आहे, शेवटचं विमान कुठून पकडलं याचा नाही. आणि सहा दिवसांपेक्षा जास्त थांबणार असलात तरी दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको. रांगेत उभं राहून पासपोर्टवरचे शिक्के समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं.

२२. लहान मुलं, सत्तरीतले आई-बाबा चालतील का?

सहा-सात वर्षांवरच्या मुलांना मजा येते, मात्र गाडीत तासन्‌तास बसण्याची तयारी हवी. ज्येष्ठांना विमानानेच न्या. गावाकडच्या एसटीत मागच्या सीटवर बारा तास, असा हा प्रवास आहे. मोठं हॉस्पिटल किटगुमला, गंभीर प्रसंग असेल तर कंपाला किंवा नैरोबी. त्यामुळे प्रवास विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला असू द्या. 'मेडिकल कव्हर आहे' एवढ्यावर भागत नाही.

२३. याच फेरीत गोरिला जोडता येतील?

आठवडाभरात नाही. ब्विंडीचे गोरिला नैऋत्य टोकाला, किडेपो ईशान्य टोकाला. रस्त्याने दोन-तीन दिवस नुसते त्यांच्यामधले. गोरिलाचा परवाना ८०० डॉलर आणि तो आधीच काढावा लागतो. दोन आठवडे असतील तर आधी ब्विंडी, शेवटी किडेपो.

२४. आत गाडी रुतली किंवा बंद पडली तर?

गाडीतच बसायचं. उतरून ढकलायचं नाही, रेंजर सांगेपर्यंत.

आमची ऑगस्टमध्ये रुतली. नारुसच्या तळाची माती म्हणजे मराठवाड्यातलं काळं रान, ओलं झालं की चाकाला चिखलाचे बूट. भाड्याने घेतलेल्या गाडीत दोर होता, पण जॅक चालत नव्हता, आणि हे निघताना तपासलं नव्हतं ही चूक माझी. दुपारचे साडेतीन. रेडिओवर निरोप गेला, ट्रॅक्टर येतोय असं उत्तर आलं. दीडशे पावलांवर रानम्हशींचा कळप होता, त्यांनी आधी माना वर केल्या, मग सवय झाल्यासारख्या पुन्हा चरायला लागल्या. रेंजरने बंदूक मांडीवर आडवी ठेवली, खिशातून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली आणि सगळ्यांना वाटली. ट्रॅक्टर सहाला आला. तोवर कळप चरत चरत गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेला होता, आणि त्यातल्या एकीने जाता जाता आमच्या बंपरला पाठ घासून घेतली होती.

म्हणून निघण्याआधी जॅक, दोर, फावडं आणि दोन स्टेपन्या स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि शेंगदाणे घ्या.